भाया खाकरले की

माझी माय पडली ती धाकट्या भावाच्या हौसेपायी. गावाकडचं घर नव्यानं बांधलं तेव्हा त्याला हैदराबादेतल्या हॉटेलात असते तसली फरशी पाहिजे होती. फरशी आली. तिच्यात तोंड दिसायचं. सारवलेल्या जमिनीवर जन्म काढलेली बाई हातात तांब्या घेऊन त्या फरशीवरून निघाली आणि उंबऱ्यापर्यंत पोचलीच नाही. खुब्याचं हाड मोडलं. भाऊ तिला गाडीत घालून बिदरला न्यायला लागला तर ही कण्हत कण्हत त्याचीच समजूत काढत होती म्हणे, की फरशी लई चांगली हाय बाबा, माझंच ध्यान न्हवतं.

मी आळंदला असते, तिथल्या एका शाळेत गणित शिकवते. निरोप आला तशी बॅग भरली, नवऱ्याला गॅस कसा पेटवतात ते दाखवलं आणि बिदर गाठलं. तोवर ऑपरेशन झालं होतं. खुब्यातला मोडका गोळा काढून नवा बसवला होता. डॉक्टर तरुण होते, थकलेले होते आणि गोड बोलण्यात त्यांना अजिबात रस नव्हता, हे मला फार आवडलं. ते म्हणाले, "काम चांगलं झालंय. आता एकच सांभाळा. ह्या पुन्हा पडता कामा नयेत. पडल्या तर ह्या वयात परत चालतील याची खात्री मी देणार नाही."

ते मायनंही ऐकलं. आमच्या गल्लीत एक म्हातारी अशीच पडून खाटेला खिळली होती. माय रोज तिच्याकडं जायची, तिचे केस विंचरायची आणि घरी आली की म्हणायची, "देवा, मला कायबी दे, पण असं एका जागी घालू नको." आमचे लोक मूळचे मेंढरांमागं फिरणारे. मेंढरं आजोबांच्या काळात गेली, शेती आली, पण मायचे पाय काही थांबायला शिकले नाहीत. दावणीला दोन शेळ्या होत्या, त्यांना घेऊन ती रोज ओढ्यापर्यंत जाऊन यायची. त्या फेरफटक्याची गरज शेळ्यांना होती की तिला, ते शेळ्यांनाच ठाऊक.

पेशंट पडू नये म्हणून दवाखान्यात जय्यत तयारी होती. मायच्या मनगटात पिवळा पट्टा अडकवला. खाटेच्या डोक्याशी पिवळी पाटी लावली, तिच्यावर 'पडण्याचा धोका' असं कन्नड आणि इंग्रजीत लिहिलेलं होतं, आणि मायला वाचायला यातलं एकही येत नव्हतं. पट्टा कुठल्या तरी देवाचा असावा असं समजून ती सकाळी उठली की त्याला डोळ्याला लावायची. खाटेला दोन्ही बाजूंनी कठडे, हाताशी घंटी, पायाशी रबरी तळाच्या चपला. आमच्या वाट्याला आलेली सिस्टर कलबुर्गीकडची, कन्नड बोलणारी. मराठीची तिनं मोडतोड करून स्वतःपुरती चांगली सोय केली होती. तिनं मायला नियम ऐकवले. "घंटी मारायचं. मी येणार. मग पाय खाली. मी नाही आली, पाय नाही खाली. कळलं का, अम्मा?"

"कळलं गं माय," माय म्हणाली.

मला नियम आवडतात. जे ते पाळत नाहीत त्यांच्यावर मनसोक्त चिडता येतं, हा त्यांचा मोठा फायदा. त्यामुळं सिस्टरचं आणि माझं लगेच जमलं. फरशी पुसली की वाळेपर्यंत आम्ही दोघी दारात पहाऱ्याला. भेटायला येणाऱ्यांच्या पिशव्या भिंतीकडं. थोरल्या अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावानं, गावाकडून घोंगडं पाठवलं होतं. खाटेशेजारी अंथरा, पडलीच तर मऊ लागेल, असा निरोप होता. सिस्टरनं घोंगड्याकडं साप बघावा तसं बघितलं. "ह्यात पाय अडकणार, मग पडणार!" घोंगड्याची घडी होऊन ते कपाटात गेलं.

आणि माय? अशी पेशंट त्या मजल्यावर दुसरी नव्हती. घंटी वाजवल्याशिवाय अंगठा हलवायची नाही, आणि वाजवली की सिस्टर येईपर्यंत तिची माफी कशी मागावी याचा विचार करत पडायची. डॉक्टर शेजारच्या खोल्यांमध्ये तिचं उदाहरण देत होते. मी फोन करकरून भावाला सांगत होते, फरशी उखडायला घे, बाकी सगळं माझ्या हातात आहे.

एका सकाळी मी चहा आणायला खाली गेले. वर येऊन बघते तर सिस्टर मायला दोन्ही हातांनी कवळ घालून उभी, मायचा धड पाय कठड्यावरून बाहेर लोंबतोय, आणि डोक्यावर चादर. दवाखान्याच्या झग्याला पदर कुठला, म्हणून चादर.

"कामून उतरायलीस गं?" मी ओरडले.

"आले न्हवं."

"कोण आले?"

"तुझे अप्पा. खाकरले की भाईर."

मी बाहेर बघून आले. अप्पांचा पत्ता नव्हता. समोरच्या खोलीतला दमेकरी म्हातारा होता, तो आपला स्वतःपुरता खोकत होता.

आता हे नीट सांगायला हवं. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भाया. आमच्याकडं भायासमोर भावजयीनं डोक्यावर पदर घ्यायचा आणि खाटेवर, खुर्चीवर बसायचं नाही. बसलेली असली तर उतरायचं. तिला तेवढी उसंत मिळावी म्हणून भाया उंबऱ्याबाहेर थांबून खाकरतो. भला माणूस असला तर दोनदा. आमचे थोरले अप्पा फारच भले, शिवाय बिडी ओढणारे, त्यामुळं त्यांचं खाकरणं गल्लीच्या तोंडापासून सुरू व्हायचं. लग्न होऊन आली तेव्हापासून माय त्या आवाजासरशी उठत आली होती. माझे वडील लवकर गेले. त्यानंतर अप्पांनीच आमचं शेत स्वतःच्या शेताबरोबर कसलं, आमची शिक्षणं केली, लग्नं लावली. आणि इतक्या वर्षांत ही दोघं एकमेकांशी एक शब्द सरळ बोलली नव्हती. मी मध्ये असले तर अप्पा मला म्हणायचे, "पोरी, मायला इचार, तूर कवा काढायची." माय हातभर अंतरावर पदराआडून म्हणायची, "सांग बाई, परवा काढा म्हणावं." मला तोंड उघडायची वेळच यायची नाही. मध्ये कुणी नसलं तर अप्पा म्हशीला विचारायचे आणि माय भिंतीला उत्तर द्यायची. दोन्ही घरांचा कारभार त्या म्हशीनं आणि भिंतीनं चालवला, आणि माझ्या भावापेक्षा पुष्कळ बरा चालवला.

आता दवाखान्याची रचना बघा. आमच्या खोलीसमोर छातीच्या पेशंटांचा वॉर्ड. कमठाण्यापासून मन्नाएखेळ्ळीपर्यंतचे झाडून सगळे म्हातारे तिथं येऊन खोकत होते. प्रत्येक खोकल्याला माय दचकायची, हात चादरीकडं आणि पाय कठड्याकडं.

सिस्टरनं डॉक्टरांच्या कानावर घातलं. ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांना भ्रम होतो तसलं काही असावं असं त्यांना वाटलं. त्यांनी मायला विचारलं, आज वार कोणता, आपण कुठं आहोत, मुख्यमंत्री कोण. मायनं तिन्हींची उत्तरं बरोबर दिली आणि वर त्यांनाच विचारलं, "जेवलास का बाबा? तोंड सुकलंय की तुजं." डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाले, "डोकं माझ्यापेक्षा बरं चालतंय. मग उतरतात कशाला?" मी त्यांना भाया समजावून सांगितला. पेशंट का पडतात याची सगळी कारणं त्या माणसाला पाठ होती: चक्कर, गुंगीची औषधं, ओली जमीन, लघवीची घाई. भाया त्यात नव्हता. त्यांनी कपाळ चोळलं आणि म्हणाले, "यावर माझ्याकडं गोळी नाही."

मग आम्ही उपाय सुरू केले. मायच्या कानात कापूस घातला. तर ऐकू येत नाही म्हणून ती डोळे फाडून दाराकडं बघत राहिली आणि धोतराचा सोगा दिसला की उठायला लागली. टीव्ही मोठ्यानं लावला, तर मालिकेतला सासरा खाकरला. भावाला वाटलं, एकदा अप्पांचं दर्शन झालं की तिचा जीव निवेल, म्हणून त्यानं गावाकडून व्हिडिओ कॉल लावला. अप्पांनी फोन कानाला लावला, त्यामुळं पडद्यावर नुसता त्यांचा केसाळ कान. तो कान खाकरला. माय चादर ओढून कठड्याला भिडली. मी फोन बंद केला आणि भावाला जे बोलले ते गणिताच्या बाईला शोभणारं नव्हतं.

"अगं, तुला कळतंय का," मी मायला म्हटलं, "परत पडलीस तर जन्माची खाट हाय."

"कळतंय की," माय म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मला समदं कळतंय बाई. पाय ऐकत न्हाई."

नवा कोरा गोळा, कुठल्या तरी कारखान्यात झालेला. आठवडाही झाला नव्हता आणि तोसुद्धा आमच्या घराण्यातला होऊन बसला होता.

आणि मग खरे अप्पा आले. कुणाला न सांगता, एसटीनं. मी बाथरूममध्ये डबा धूत होते. बाहेरून खाकरणं ऐकू आलं, एकदा, मग पुन्हा एकदा. ते बाकीच्या खोकल्यांसारखं नव्हतं, मलाही ओळखू आलं. मी डबा टाकून धावले. कठडा जिथं संपतो त्या पायथ्याच्या फटीतून माय खाली उतरली होती. डोक्यावर चादर, एका पायावर उभी, धरायला काही नाही, आणि सगळं अंग डोलत होतं. मी तिला पकडलं आणि दोघी खाली आलो. मी फरशीवर आणि ती माझ्यावर.

सिस्टर धावली, दोन-तीन माणसं धावली. मायला उचलून एक्स-रेला नेलं. तो येईपर्यंतचा वेळ मी कसा काढला ते सांगता येत नाही. मला सारखी गल्लीतली ती म्हातारी दिसत होती. गोळा जागेवर होता. काही मोडलं नव्हतं.

अप्पा दारातच उभे होते. खांद्यावर घोंगडं, हातात बाटली. आमच्याच शेळीचं दूध आणलं होतं. त्यांनी सगळं बघितलं होतं. आमच्या घरात त्यांच्यासमोर आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. मी चढवला. "अप्पा, तुमच्या खाकरण्यानं माझी माय लुळी पडंल! तुमाला भेटायचं हाय का तिला पाडायचंय? जावा घरी. येऊ नका हितं!"

अप्पांनी बाटली उंबऱ्याच्या आत ठेवली आणि गेले. मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. माझं माकडहाड दुखत होतं.

वाईट मायला वाटलं. "भायाला बोललीस तू," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. भिंतीशी तिचं जुनं होतं. त्या दिवसापासून तिनं घंटी वाजवणं सोडलं, कारण उठायचंच नव्हतं. चालायला शिकवायला वॉकर आणला तर म्हणे, "कशाला चालू? कोणतं तोंड घिऊन घरी जाऊ?" सिस्टर वैतागली. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "पडणार नाही म्हणून झोपूनच राहिली तर पाय चालायचं विसरणार. मग काय फायदा?" म्हणजे पडली असती तरी खाट, आणि न पडता अशीच राहिली तरी खाट. मी मायला समजावलं, रागावले, हातापाया पडले. ती भिंतीकडं बघत राहिली.

शेळीचं दूध मात्र रोज येत होतं. मला वाटलं, भाऊ कुणाबरोबर तरी पाठवत असेल. एकदा सिस्टरनंच बाटली आणून ठेवली आणि म्हणाली, "तुमचा तो घोंगडीवाला आजोबा देतो. रोज खाली ऑटो स्टँडला बसतो. वर ये म्हटलं तर येत नाही. मला बघितलं की एकच विचारतो, चालायली का, चालायली का."

मी खिडकीतून वाकून बघितलं. लिंबाच्या झाडाखाली ऑटोवाल्यांच्या घोळक्यात अप्पा उकिडवे बसले होते आणि तोंडाला धोतराचा सोगा लावून खोकत होते. तिसऱ्या मजल्यावर आवाज जाऊ नये म्हणून असणार. बिदरचे ऑटो तिथं कर्कश हॉर्न वाजवत होते आणि म्हातारा आपला खोकला लपवत होता. तेव्हा मला वाईट वाटलं.

मी मायला जसंच्या तसं सांगितलं. ती चादरीची कड बोटाला गुंडाळत राहिली. मग तिनं हात लांब करून घंटी वाजवली, आणि सिस्टर आली तेव्हा म्हणाली, "आण ती तुजी घोडी."

त्यानंतर तिला थांबवणं हेच काम झालं. सकाळ-संध्याकाळ वॉकर. आधी खोलीत, मग दाराबाहेर. सिस्टर शेजारून चालत एकच मंत्र म्हणायची, "हात नाही सोडायचं, अम्मा. काही झालं तरी हात नाही सोडायचं." दमेकरी म्हातारे खोकत होते, माय दचकत होती, पण दोन्ही हात अडकलेले असल्यामुळं दचकून तिथंच राहत होती. डॉक्टर म्हणाले, लिफ्टपर्यंत स्वतःच्या पायांनी जा आणि तशाच घरी जा.

घरी जायच्या दिवशी तिनं साडी नेसली. मी आळंदहून आणलेली, नवी, गुळगुळीत. सुती आणायची अक्कल मला सुचली नाही. माय निघाली. सिस्टर बाजूला. मी मागून, दोन्ही हातांत पिशव्या आणि बगलेत ते घोंगडं. वॉकर पुढं, एक पाय, दुसरा पाय. चांगली चालत होती. अर्ध्या वाटेवर पोचली आणि एकदम थांबली.

लिफ्टजवळ अप्पा उभे होते. माझ्या शहाण्या भावानं जीप खाली लावून त्यांना सामान घ्यायला वर पाठवलं होतं. त्यांनी तोंडात उपरण्याचा बोळा धरला होता, चेहरा लाल झाला होता, आणि ते खाकरत नव्हते. पण न खाकरता येऊन उपयोग काय, मायनं त्यांना बघितलंच होतं. तेवढ्यात त्या गुळगुळीत साडीचा पदर डोक्यावरून घसरला आणि खांद्यावर आला.

तिचे पिकलेले केस उघडे पडले. भायासमोर. तिचा उजवा हात वॉकरवरून सुटला. वॉकर एका बाजूला कलला. सिस्टर ओरडली, "अम्मा, हात!" माझ्या हातांतल्या पिशव्या खाली पडल्या, पण मी दूर होते. मला स्पष्ट कळलं की मी पोचणार नाही.

अप्पांनी पाठ फिरवली. भिंतीकडं तोंड करून, नाक जवळजवळ टेकवून उभे राहिले. तिथं रंगीत पोस्टर होतं, पेशंट पडू नये म्हणून काय काय करावं याचं. त्यांना अक्षरओळख नव्हती. तोंडातला बोळा काढून ते त्या पोस्टरला म्हणाले, "ये माय, ये. मी बघत न्हाई."

आयुष्यात पहिल्यांदा ते तिच्याशी बोलले होते. मध्ये मी नव्हते, म्हैस नव्हती.

मायचा हात हवेतच राहिला होता. तो हळूहळू खाली आला आणि वॉकरवर घट्ट बसला. मग ती चालायला लागली, उघड्या डोक्यानं, अप्पांच्या पाठीमागून, इतक्या जवळून की त्यांचं उपरणं तिच्या वॉकरला घासलं. ती रडत होती आणि चालत होती. सिस्टरनं लिफ्टचं दार धरून ठेवलं होतं. माय आत गेली, मी आत गेले. अप्पा पोस्टर वाचत राहिले.

दार लागायला लागलं तसा त्यांनी इतका वेळ दाबलेला खोकला सोडला. अख्खा मजला हादरला.

लिफ्टमध्ये मायचा पाय हलला. हात वॉकरवरच राहिले.